क्रॅडक लॉकची रांग

कालव्यावर माणसाला उशीर होऊच शकत नाही, हे माझं मत मी गेली नऊ वर्षं भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. आमच्या नावेचा वेग ताशी तीन मैल. या वेगात घाई करता येत नाही, आणि ज्याला घाईच करता येत नाही त्याला उशीर कसला होणार? काठावरून कुत्री फिरवणाऱ्या बायका आम्हाला मागे टाकून जाताना हात हलवतात. त्याने स्वभावही नम्र राहतो.

"अप्पर विकबीला शनिवारी चहाच्या वेळेला पोचू," मी हिलरीला सांगितलं. "रविवार हाताशी शिल्लक. सोमवार नुसता शोभेला."

हिलरी माझी बायको. ती मोजा विणत होती. मान वर न करता तिने विचारलं, "नक्की?"

"नऊ मैल अलीकडे, पाच मैल पलीकडे, मधे एक लॉक. यात चुकायला जागा कुठे आहे?"

"तुला जागा लागत नाही, माल्कम," ती म्हणाली.

आमची नाव सत्तावन्न फूट लांब आणि सात फूट रुंद आहे. म्हणजे एखाद्या घराचा फक्त बोळ विकत घ्यावा आणि तो पाण्यात सोडावा तसं. तिचं नाव 'हिलरीची पसंती'. निवड माझी होती.

दर हिवाळ्यात आम्ही ती अप्पर विकबीला बांधतो. तिथल्या चर्चच्या गायकवृंदात हिलरी अकरा वर्षं मागच्या ओळीत उभी राहून, दोन उंच बायकांच्या मधल्या फटीतून गाते आहे. यंदा पुढे उभ्या राहून गाणाऱ्या मिसेस ट्रस्कॉट मुलीकडे राहायला गेल्या आणि नाताळच्या कार्यक्रमातल्या सोळा ओळी हिलरीकडे आल्या. सोळाच्या सोळा, एकटीने. अट एकच. पहिली तालीम सोमवारी, एक नोव्हेंबरला, संध्याकाळी सहा वाजता. पहिल्या तालमीला जो नाही त्याच्या ओळी दुसऱ्याला. दुसऱ्या एक बाई घशाची गोळी तोंडात धरून तयारच बसल्या होत्या, असं कळलं होतं.

आणि त्याच सोमवारी सकाळी आठ वाजता क्रॅडक लॉक दुरुस्तीसाठी बंद होणार होतं, ते थेट मार्चच्या मध्यापर्यंत. लॉक म्हणजे कालव्याच्या जिन्याची पायरी. दोन बाजूंना दरवाजे, मधे हौद. नाव आत घ्यायची, पाणी भरायचं, नाव वर येते. पायरीच काढून नेली की मागे राहिलेला माणूस मागेच राहतो. अलीकडच्या बाजूला बस नाही, आमच्याकडे गाडी नाही, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी पाच मैल चिखल तुडवत तालमीला जायचं हिलरीचं वय नाही. तेव्हा आठच्या आत पलीकडे जायचं, एवढंच काम होतं. मी ते अंगावर घेतलं होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीला कालव्यात पाण्यापेक्षा पानं जास्त असतात. इंजिनाच्या पंख्यात पानं अडकली की नाव घट्ट पिठल्यात चमचा फिरावा तशी चालते. मग थोडं मागे यायचं, पानं सुटू द्यायची, पुन्हा पुढे जायचं. अशा रीतीने नऊ मैलांचा प्रवास आम्ही सुमारे अकरा मैल जाऊन केला. शिवाय वाटेत काठाला बांधलेली नाव दिसली की वेग कमी करायचा असतो, नाहीतर आतल्या माणसाचा चहा सांडतो. मी इतका कमी करतो की एका गृहस्थांनी खिडकी उघडून विचारलं, "काही हवं होतं का?"

तरीही शुक्रवारी दुपारी बाराला क्रॅडकचा दगडी पूल दिसला. हिलरीने घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात जवळजवळ कौतुक होतं.

पुलाच्या अलीकडे काठाला एकामागे एक पाच नावा उभ्या होत्या. लॉक पुलापलीकडे, वळणावर. आम्ही होतो तिथून दिसत नाही. पण दिसायची गरज काय? पाच नावा एका रेषेत, तोंडं एका दिशेला, दोन नावांत हातभर अंतर. आमच्या देशात पाळण्यातलं पोरही हे चित्र ओळखेल.

"रांग आहे," मी म्हणालो, आणि मला फार बरं वाटलं. रांग दिसली की मी निर्धास्त होतो. कुणीतरी आधीच विचार करून ठेवलेला असतो, आपण फक्त शेवटी उभं राहायचं.

"कशाची?" हिलरी म्हणाली.

"लॉकची. दुसरी कशाची?"

"हलतेय का?"

"आत्ताच तर लागलोय आपण. रांगेला थोडा वेळ द्यावा लागतो."

मी सहावी नाव बांधली आणि इंजिन बंद केलं. अर्ध्या तासाने मागून डेस्मंड पर्स्लो आला. उन्हाळाभर आमचा शेजारी. निवृत्तीपूर्वी जिल्ह्यातल्या दुकानांचे तराजू तपासायचा, आता स्वतःच्या टाकीतल्या पाण्याचं तापमान तपासतो आणि रोज सकाळी येऊन आम्हाला सांगतो. त्यालाही अप्पर विकबीलाच जायचं होतं, हे त्याने तेव्हाच सांगितलं. मला माहीत असतं तर मी आणखी सावकाश आलो असतो.

"रांग?" त्याने विचारलं.

"रांग."

"छान," म्हणून त्यानेही इंजिन बंद केलं. आता शंकेला वाव नव्हता. मागे माणूस उभा राहिला की रांग सिद्ध होते.

शनिवारी सकाळी रांग तिथेच होती.

"जाऊन विचारून तरी ये," हिलरी म्हणाली.

"काय विचारू?"

"का थांबलेत ते."

आता रांगेत पुढच्याला 'का थांबलात' असं विचारणं म्हणजे त्याला पगार विचारण्यासारखं आहे. पण अकरा वर्षं फटीतून गाणाऱ्या बाईचा चेहरा पाहून मी निघालो. पाचव्या नावेवर एक दाढीवाले गृहस्थ पितळेची कडी घासत होते. आम्ही आधी हवेवर बोललो, मग त्यांच्या गुडघ्यावर. निघताना ते आपणहून म्हणाले, "पाणी कमी असेल."

"असेल," मी म्हणालो.

परत येऊन मी डेस्मंडला सांगितलं की पाणी कमी आहे. डेस्मंडने दुपारी मला सांगितलं की पाणी कमी असल्यामुळे माणसं मागवली आहेत. मी पाचव्या नावेला सांगितलं की माणसं आली आहेत. संध्याकाळपर्यंत वरच्या टप्प्यातून पाणी सोडायला सुरुवात झाली होती, दरवाजाचं लाकूड चुकीचं निघालं होतं आणि मासे दुसरीकडे हलवले होते. इतकी सविस्तर माहिती हाती आल्यावर पुढे जाऊन बघण्याची गरज कुणालाच उरली नाही.

हिलरी आत स्टोव्हपाशी उभी राहून सोळा ओळी गात होती. पाचव्या नावेवरचे गृहस्थ म्हणाले, "सुरेख आवाज आहे हो तुमच्या रेडिओचा."

रविवार उजाडला. त्याच रविवारी हिवाळ्यापुरती देशभर घड्याळं एक तास मागे घेतात, म्हणजे दुपारी साडेचारला अंधार. अंधारात लॉकमध्ये नाव घालायची नाही, एवढी अक्कल कालव्यावर सगळ्यांना असते. हिलरीने मोजा विणून संपवला, उसवला आणि पुन्हा सुरू केला.

अडीच वाजता मागून गाण्याचा गलका ऐकू आला. भाड्याची नाव होती, आणि तिच्यावर समुद्री चाच्यांच्या वेषातले आठ बँक कर्मचारी. मित्राच्या लग्नाआधीची सहल. एकाच्या खांद्यावर पोपट बांधलेला. सुकाणूवरच्या चाच्याने आमच्या बरोबरीला येऊन इंजिन हळू केलं आणि अत्यंत अदबीने विचारलं, "काका, तुम्ही लॉकसाठी थांबलाय का?"

मी म्हणालो, "नाही नाही. तुम्ही व्हा पुढे."

हे मी का म्हणालो ते मला विचारू नका. कुणी तोंडावर विचारलं की 'आम्ही आधी आलोय' असं म्हणायचं, म्हणजे भांडणच की. मला वाटलं पुढची नाव त्यांना अडवेल. चाच्यांनी पुढच्या नावेला विचारलं. "छे छे, जा तुम्ही," दाढीवाले म्हणाले. तिच्या पुढच्या नावेने हात हलवला. त्यापुढच्या नावेने त्यांना केक दिला. चाचे पुलाखालून गेले आणि वीस मिनिटांनी लॉकच्या पलीकडून त्यांचं गाणं ऐकू आलं. आधीपेक्षा सहा फूट उंचावरून.

हिलरीने सुया खाली ठेवल्या, बूट घातले आणि ती काठावरून पुढे निघाली. प्रत्येक नावेचं दार वाजवत गेली. मी मागे मागे होतो, पण जरा अंतर ठेवून, म्हणजे आम्ही एकत्र आहोत असं वाटू नये.

सगळ्यात पुढच्या नावेला कुलूप होतं. खिडकीत 'विकणे आहे' अशी पाटी. मालक, कुणी मिस्टर लोमॅक्स, सप्टेंबरपासून स्पेनमध्ये. तिच्यामागे मिस थ्रिप यांची नाव. मिस थ्रिप निवृत्त मुख्याध्यापिका. गुरुवारी दुपारी त्या या नावेमागे येऊन थांबल्या होत्या.

"तुम्हाला पाटी दिसली नाही?" हिलरीने विचारलं.

"रोज वाचते की."

"मग?"

"मला वाटलं, जेवत असतील."

"गुरुवारपासून?"

"लोकांच्या जेवणाच्या वेळा आपण मोजू नयेत," मिस थ्रिप म्हणाल्या.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. उजेड सव्वा तास. एका नावेला लॉकमधून जायला साधारण वीस मिनिटं लागतात. हिलरी म्हणाली, "चला तर. मिस थ्रिप, तुम्ही निघा आधी."

"मी?" मिस थ्रिप म्हणाल्या. "केवळ एक माणूस स्पेनमध्ये आहे म्हणून मी त्याच्या पुढे घुसू?"

काठावर सभा भरली. कुणीतरी किटली आणली, कुणी फळांचा केक. दाढीवाले म्हणाले की तत्त्वाचा प्रश्न आहे. डेस्मंड म्हणाला की बाहेर सहा अंश आहे. हिलरी म्हणाली, "माझी उद्या तालीम आहे," तेव्हा सगळ्यांनी फार सहानुभूतीने माना हलवल्या आणि तिला केकचा मोठा तुकडा दिला. मी काय म्हणालो? मी म्हणालो की दोन्ही बाजूंना तथ्य आहे. हिलरीने केक माझ्या हातात ठेवला आणि ती दूर जाऊन उभी राहिली.

शेवटी ठरलं की पाटीवरच्या नंबरला फोन लावून मिस्टर लोमॅक्स यांची परवानगी घ्यायची. मिस थ्रिप फोन घेऊन आत गेल्या. चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या. अंधार पडला होता.

"त्यांची काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. मग फोन खिशात ठेवत, "आणि बहुतेक मी ती नाव विकत घेतली आहे. ते नावेबद्दल इतक्या उत्साहाने सांगत होते, मधे तोडवेना."

"अभिनंदन," आम्ही सगळे म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मिस थ्रिपना नव्या नावेची चावी कुंडीखाली मिळाली. त्याबरोबर एक गोष्ट उघड झाली. रांगेतली पहिली जागा आता त्यांची. आणि दुसरीही.

सोमवारी साडेसहाला फटफटलं तसे आम्ही सगळे तयार होतो. मिस थ्रिप पहिली नाव घेऊन गेल्या, पलीकडे बांधली, चालत परत आल्या आणि दुसरी घेऊन गेल्या. त्यांच्यामागे तिसरी, त्यामागे चौथी. काठावर ओळीने उभे राहून आम्ही दरवाजे लोटत होतो. हिलरी सगळ्यात जोर लावत होती. आठला पाच मिनिटं कमी असताना दाढीवाले गृहस्थ पाचवी नाव लॉकमध्ये घेऊन शिरले. मधे ती विकत घेतलेली नाव नसती तर ती जागा आमची होती. हे हिलरीने मला सांगितलं नाही. तिने नुसतं त्या नावेकडे पाहिलं.

ठोक आठला दुरुस्तीवाल्यांची गाडी आली. मुकादम होत्या शॅरन मॉट्रम नावाच्या एक दणकट बाई, केशरी जाकिटात, हातात साखळी आणि कुलूप.

"काय राजांनो, सभा भरलीय होय?" त्या म्हणाल्या. "ही आतली नाव जाऊ दे वर. मग बंद."

हिलरीने कोटाचं वरचं बटण लावलं फक्त. मी आयुष्यात प्रथमच एखाद्या अनोळखी बाईंकडे अडचण उघड सांगितली. तालीम, सोळा ओळी, घशाच्या गोळीवाल्या बाई, सगळं. शॅरनबाईंनी ऐकून घेतलं, नाक ओढलं आणि रस्त्याकडे पाहिलं.

"माझा नवा दरवाजा ट्रॅक्टरमागे अडकलाय. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. एक नाव घेते. एकच. कोण आहे पुढे?"

उरलो होतो दोघे. मी आणि डेस्मंड. आपला नंबर आपण सांगायचा नसतो, म्हणून मी आकाशाकडे पाहिलं.

"माल्कम आहे बहुतेक," डेस्मंड म्हणाला.

"छे छे," मी म्हणालो. "मला काही घाई नाही. तू हो पुढे."

आता हे खरं नसतं. पहिला नकार हा शिष्टाचाराचा. त्यावर समोरच्याने म्हणायचं, असं कसं, तूच जा. मग आपण म्हणायचं, बरं, इतका आग्रहच असेल तर. आणि निघायचं. हे आम्हाला शाळेत शिकवत नाहीत, बाळगुटीतून मिळतं. मी दोरी सोडायला वाकलोसुद्धा होतो.

"मनापासून आभार," डेस्मंड म्हणाला आणि त्याने इंजिन सुरू केलं.

मी वाकलेलाच राहिलो. माझ्या शेजारून डेस्मंडची नाव सावकाश पुढे सरकली. इतकी सावकाश की आमच्या कपबशा हलल्यासुद्धा नाहीत. तेवढा तो सभ्य आहे.

आतून हिलरी बाहेर आली. अंगावर कोट, खांद्यावर लोकरीची पिशवी, काखेत गाण्याची वही.

"डेस्मंड, एका माणसाला जागा आहे का?"

"आहे की. ये ना."

ती पहिल्याच 'ये'ला चढली.

"हिलरी," मी म्हणालो.

"सहाला तालीम आहे, माल्कम. स्टोव्हवर सूप आहे. ढवळत राहा, तळाला लागतं."

शॅरनबाईंनी डेस्मंडची नाव वर चढवली, साखळी ओढली आणि कुलूप लावलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तू भला माणूस आहेस रे राजा." त्यांच्या आवाजात दया होती.

हिवाळा मी तिथेच काढला. हिलरी तिकडे ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या माडीवर राहिली. आमची बांधायची जागा रिकामी पडली होती, ती डेस्मंडला मिळाली. दर रविवारी मी पाच मैल चालत जात असे आणि माझ्याच जागेवर पाहुणा म्हणून जेवत असे. पहिल्या रविवारी डेस्मंडने विचारलं, "बटाटे आणखी?" मी म्हणालो, "नको नको," आणि त्याने भांडं उचलून नेलं. पाच मैल परत येताना मी विचार केला आणि एक निश्चय केला. तेव्हापासून मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणतो. चहा? हो. पावाचा शेवटचा तुकडा? हो. खुर्ची हवी का? हो. डिसेंबर उजाडेपर्यंत अप्पर विकबीत माझं चांगलंच नाव झालं. हिलरीच्या नवऱ्याला थंडीत एकटं राहून काहीतरी झालंय, असं दुकानातल्या बाई दुसरीला सांगताना मी स्वतः ऐकलं. मला पिशवी हवी का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

नाताळच्या आधीच्या शनिवारी दुपारी तीनला कार्यक्रम. चर्चच्या दारात दहाबारा माणसं शिस्तीत उभी. आतून एक गृहस्थ आले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "अगदी पुढे एकच खुर्ची उरलीय. कुणाला..."

"मला," मी म्हणालो.

कुणीतरी श्वास आत ओढला. मी सगळ्यांना ओलांडून मधल्या वाटेने चालत गेलो, बूट चिखलाने वाजत होते, आणि बसलो.

हिलरी सोळा ओळी गायली. एकटीने, पुढे उभी राहून, एकही सूर न हलता. माझ्या शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. मीही काढला. फक्त पहिल्या ओळीपासून सोळाव्या ओळीपर्यंत हिलरीचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"काय तल्लीन झाली होती," बाहेर आल्यावर डेस्मंड म्हणाला.

"हो," मी म्हणालो. मी मधल्या वाटेने येताना दिसेपर्यंत तिचे डोळे उघडे होते, हे मी त्याला सांगितलं नाही.